‘सर’ या पदाचा इतिहास : रमाकांत आचरेकर यांचे प्रशिक्षणकार्य

१

खेळाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याच्या हाती प्रथम येणारे साधन म्हणजे धावफलक. कोणत्या फलंदाजाने किती धावा केल्या, कोणत्या गोलंदाजाने किती बळी घेतले, सामना कोणी जिंकला, हे सर्व त्यातून निःसंदिग्धपणे कळते. परंतु त्या फलंदाजास बॅट कशी धरावी हे ज्याने शिकविले, त्याचे नाव धावफलकावर कधीच येत नाही. त्यामुळे प्रशिक्षकाच्या कार्याचा इतिहास बहुधा आठवणींवर सोपविला जातो. या आठवणी यशस्वी शिष्यांच्या असतात, आणि म्हणून त्यांत प्रशिक्षकाचे जे चित्र उमटते ते एका बाजूने उजळ व दुसऱ्या बाजूने अंधुक राहते.

रमाकांत विठ्ठल आचरेकर (१९३२–२०१९) यांच्याविषयी आजवर जे लिहिले गेले, त्याचा मोठा भाग असाच आहे. सचिन तेंडुलकर यांचे गुरू एवढीच त्यांची ओळख सर्वतोमुखी झाली. ही ओळख असत्य नाही. परंतु ती अपुरी आहे. सुमारे अर्धशतक मुंबईच्या मैदानांवर उभे राहून मुलांना शिकविणाऱ्या या माणसाचे पद नेमके कोणते होते, त्या पदामागे कोणती सामाजिक व्यवस्था उभी होती, आणि त्याच्या कार्याची नोंद कोठे शोधावयाची, हे प्रश्न त्या ओळखीत अनुत्तरितच राहतात. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार करावयाचा आहे.

२

या विचारास तुलनेची एक बाजू घेतल्यास प्रश्न अधिक स्पष्ट होतो. अमेरिकेतील विद्यापीठांत बेसबॉल या खेळाचा मुख्य प्रशिक्षक हे एक मान्यताप्राप्त पद आहे. विद्यापीठाच्या सेवकवर्गात त्याची गणना होते, आणि विशेष म्हणजे संघाचे जय-पराजय त्याच्या नावावर मांडले जातात. या पदाचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रॉड डीडो. १९४२ ते १९८६ या काळात त्यांनी तेथील संघास घडविले. त्यांच्या कारकिर्दीत विद्यापीठाने ११ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्यांपैकी १९७० ते १९७४ ही पाच वर्षे तर सलग होती. टॉम सीव्हर, फ्रेड लिन, रँडी जॉन्सन, मार्क मॅकग्वायर यांसारखे पुढे व्यावसायिक बेसबॉलमध्ये कीर्ती पावलेले खेळाडू त्यांच्या हाताखालून गेले.

डीडो व आचरेकर यांच्या चरित्रांतील दोन साम्ये लक्षात घेण्याजोगी आहेत. डीडो स्वतः व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत १९३५ साली ब्रुकलिनच्या संघाकडून अवघे दोन सामने खेळले. आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. मोइनुद्दौला स्पर्धेतील तो सामना १९६३-६४ च्या हंगामात स्टेट बँक ऑफ इंडियाच्या संघाकडून हैदराबादविरुद्ध झाला. दुसरे साम्य अर्थार्जनाचे. डीडो यांचा मालवाहतुकीचा भरभराटीचा व्यवसाय होता व विद्यापीठाकडून ते वर्षाला एक डॉलर एवढे नाममात्र वेतन घेत. आचरेकरांचा चरितार्थ बँकेच्या नोकरीवर चालला आणि प्रशिक्षणाचे काम ते नोकरीच्या आधी व नंतर करीत राहिले. दोघांनाही खेळाडू म्हणून शिखर गाठता आले नाही आणि दोघांनीही शिकविण्यावर पोट भरले नाही.

साम्य येथे संपते. डीडो यांच्या नावावर १,३३२ विजय नोंदले गेले आहेत. आचरेकरांच्या शिष्यांनी शालेय, क्लबच्या व कार्यालयीन स्पर्धांत किती सामने जिंकले याची मोजदाद करणारी कोणतीही वही नाही. एकाचे वेतन नाममात्र असले तरी त्याचे पद खरे होते. दुसऱ्यापाशी पद म्हणावे असे काही नव्हतेच. मुंबईच्या क्रिकेटमध्ये मुख्य प्रशिक्षकाचे काम होते, परंतु ते काम करणाऱ्यास सामावून घेणारी संस्था विद्यापीठात किंवा महाविद्यालयात निर्माण झाली नव्हती. ती मैदानात निर्माण झाली, आणि तिचे नाव ‘सर’ असे पडले.

३

आचरेकर मूळचे मालवणचे. त्यांचा जन्म झाला तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. मालवणपासून महाड-पोलादपूरच्या डोंगरकुशीतील कापडे यांसारख्या गावांपर्यंत साऱ्या कोकणाला मुंबईची वाट परिचित आहे. गिरणीत, गोदीत, पेढीत किंवा कचेरीत नोकरी धरावी आणि शिमगा-गणपतीला गावी यावे, हा कोकणी चाकरमान्याचा जीवनक्रम होता. मुंबईच्या क्रिकेटचा विस्तार याच वर्गाच्या वस्त्यांतून झाला, ही गोष्ट आचरेकरांच्या जीवनक्रमावरूनही दिसून येते. १९४३ च्या सुमारास ते खेळू लागले. १९४५ मध्ये ते न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबकडून खेळले. पुढे यंग महाराष्ट्र इलेव्हन, गुलमोहर मिल्स व मुंबई पोर्ट या संघांतून त्यांनी क्रिकेट खेळले. गिरणी, बंदर आणि बँक या क्रमातच त्या काळच्या मुंबईचे अर्थजीवन प्रतिबिंबित झालेले आहे.

चांगला खेळाडू असूनही त्यांना प्रथम श्रेणीत पुढे जाता आले नाही, याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईने रणजी करंडक सलग १५ वर्षे आपल्याकडे राखला. त्या काळी मुंबई संघाचे दार अत्यंत अरुंद होते आणि बाहेर थांबलेल्यांची रांग फार लांब होती. आचरेकर त्या रांगेतील एक. परंतु रांगेतील बहुतेकांनी क्रिकेट सोडून दिले, तर आचरेकर मैदानावरच राहिले, आणि आपल्यामागून येणाऱ्यांना दारापर्यंत पोहोचविण्याचे काम त्यांनी पत्करले.

दादरच्या शिवाजी पार्कवर त्यांनी कामत मेमोरियल क्रिकेट क्लबच्या जाळ्यांत मुलांना शिकविले व त्याच्या जोडीने शारदाश्रम विद्यामंदिराच्या संघाची धुरा वाहिली. ही जोडणी महत्त्वाची आहे. मुंबईच्या क्रिकेटचे जिने ठरलेले होते. चौदा वर्षांखालील मुलांसाठी गाइल्स ढाल, त्यापुढे हॅरिस ढाल, नंतर महाविद्यालयीन सामने, पावसाळ्यात १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग, आणि नोकरी लागल्यावर टाइम्स ढालीसाठी होणारे कार्यालयीन सामने. शाळेचा शिक्षक मुलाला दहावीपर्यंत पाहतो, महाविद्यालयाचा जिमखाना चार वर्षे पाहतो, कचेरी तिच्या गरजेपुरते पाहते. या साऱ्या पायऱ्यांवर एकाच मुलाकडे सातत्याने लक्ष ठेवणारा कोणी असेल तर तो मैदानावरील सर होय. अमेरिकेत जे काम विद्यापीठाच्या एका छपराखाली होते, ते मुंबईत अनेक संस्थांच्या मधल्या मोकळ्या जागेत झाले.

४

आचरेकरांनी आपल्या अध्यापनपद्धतीवर ग्रंथ लिहिलेला नाही. ती पद्धती शिष्यांच्या कथनांतूनच जुळवावी लागते. तेंडुलकर यांनी वेळोवेळी केलेली कथने या दृष्टीने सर्वांत तपशीलवार आहेत. १९८४ च्या उन्हाळ्यात अकरा वर्षांच्या सचिनला त्याचा थोरला भाऊ अजित शिवाजी पार्कवर घेऊन आला. पहिल्या चाचणीत, आपल्याकडे कोणी पाहत आहे या जाणिवेने मुलगा बावरला व त्याचा खेळ बिघडला. तेव्हा अजितने विनंती केली की सरांनी दूर जाऊन, मुलाच्या नकळत, पुन्हा एकदा त्याचा खेळ पाहावा. आचरेकरांनी झाडाआडून पाहिले व मुलाला शिबिरात घेतले. क्लबच्या पहिल्या सामन्यात हा मुलगा पहिल्याच चेंडूवर बाद झाला. तरीही त्याला पुढच्या सामन्यात उतरविण्यात आले.

या दोन प्रसंगांतून पद्धतीचे पहिले सूत्र हाती येते. जाळ्यातील सरावापेक्षा सामन्याला त्यांनी अधिक मोल दिले. त्या पहिल्या उन्हाळ्यात सुटीच्या साठ दिवसांत तेंडुलकर पंचावन्न सराव-सामने खेळले. शिवाजी पार्कवर एकाच वेळी अनेक सामने चालतात. एका सामन्यात मुलगा बाद झाला की आचरेकर त्याला स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर नेत आणि तेथील संघात चौथ्या क्रमांकावर फलंदाजीस पाठवीत. चूक झाल्यावर तिची चर्चा करण्याऐवजी ती सुधारण्याची दुसरी संधी त्याच दिवशी उपलब्ध करून देणे, हा या स्कूटरप्रवासाचा शैक्षणिक अर्थ होय.

दुसरे सूत्र नाण्याचे. सायंकाळी, मुलगा थकलेला असताना, आचरेकर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज त्याला बाद करील त्याला ते नाणे मिळे. कोणीच बाद करू शकला नाही तर ते फलंदाजाचे. क्षेत्ररक्षणास मैदानावरील सारी मुले उभी राहत, म्हणून चेंडू हवेत गेला की फलंदाज बाद झालाच म्हणून समजावे. अशी तेरा नाणी तेंडुलकर यांनी जपून ठेवली. थकव्याच्या क्षणी चेंडू जमिनीलगत खेळण्याची सवय जडविणारा हा पाठ एका रुपयात शिकविला जात होता. त्यानंतर पॅड बांधलेल्या स्थितीतच मैदानाला दोन फेऱ्या घालाव्या लागत.

तिसरे सूत्र मौनाचे. शिष्याच्या खेळाची त्याच्यासमक्ष स्तुती करावयाची नाही हा आचरेकरांचा नियम होता. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर निरोपाचे भाषण करताना तेंडुलकर यांनी सांगितले की, एकोणतीस वर्षांत सरांनी आपल्याला ‘छान खेळलास’ असे एकदाही म्हटले नाही, कारण मी आत्मसंतुष्ट होईन अशी त्यांना धास्ती होती. त्या वेळी शिष्याच्या नावावर दोनशे कसोटी सामने व शंभर आंतरराष्ट्रीय शतके जमा होती, हे लक्षात घेतल्यास त्या मौनाचे सातत्य ध्यानात येते.

या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध फलित फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर दिसले. हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात सेंट झेवियर्स विद्यालयाविरुद्ध विनोद कांबळी (नाबाद ३४९) व सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. २००६ मध्ये हैदराबादच्या दोन शालेय खेळाडूंनी ७२१ धावा करीपर्यंत हा विक्रम टिकला. डाव घोषित करण्याचा आचरेकरांचा आदेश आला तेव्हा कांबळी साडेतीनशेपासून एका धावेवर होता. ती एक धाव घेऊ न देता डाव घोषित झाला. वैयक्तिक आकड्यापेक्षा सामना मोठा, हा धडा त्या एका धावेने जितका ठसला तितका कोणत्याही उपदेशाने ठसला नसता.

५

या माणसाला शिष्यांनी कोणत्या शब्दाने संबोधिले याचा विचार येथे अप्रस्तुत ठरू नये. कारण पदाला नाव नसते तेव्हा संबोधनच पदाचे काम करते. ‘कोच’ हा इंग्रजी शब्द मुळात चारचाकी बंद गाडीचा वाचक असून हंगेरीतील कोच या गावाच्या नावावरून तो युरोपीय भाषांत पसरला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील विद्यापीठीय बोलीत, विद्यार्थ्याला परीक्षेच्या पार नेणारा खाजगी शिक्षक या अर्थाने तो विनोदाने वापरला जाऊ लागला आणि तेथून तो खेळाच्या क्षेत्रात गेला. म्हणजे ‘कोच’ हा मूलतः महाविद्यालयीन शब्द आहे. मराठीत ‘प्रशिक्षक’ हा संस्कृत घडणीचा पर्याय रूढ झाला तो मुख्यतः लेखनात व शासकीय व्यवहारात. कुस्तीच्या तालमीत फारसी ‘उस्ताद’पासून आलेला ‘वस्ताद’ आजही जिवंत आहे. परंतु क्रिकेटच्या मैदानावर वस्ताद आला नाही आणि प्रशिक्षक बोलण्यात रुळला नाही.

तेथे रुळला तो ‘सर’. इंग्रजीत हा किताब व्यक्तीच्या नावापूर्वी लागतो. मराठीने तो नावामागे नेला आणि राव, पंत, गुरुजी यांच्या पंक्तीत बसवून त्याला आदरार्थी बहुवचन दिले. ‘आचरेकर सर आले’ या वाक्यात शब्द परका असला तरी व्याकरण सर्वस्वी मराठी आहे. प्राथमिक शाळेतील ‘गुरुजी’, जुन्या पिढीतील ‘मास्तर’ आणि माध्यमिक शाळेतील ‘सर’ अशी जी श्रेणी मराठी समाजात तयार झाली, तिच्यातील शेवटची संज्ञा मैदानाने उचलली. मैदानाने शाळेचा अधिकार मागून घेतला, असा याचा अर्थ होतो. शिकविणारा बँकेत कारकुनी करतो की अन्य काही, हा प्रश्न त्या संबोधनानंतर उरत नाही.

६

या व्यवस्थेची दुसरी बाजूही पाहावयास हवी. सर हे पद कोणत्याही नियमाने बांधलेले नसल्यामुळे त्याच्या अधिकाराला मर्यादाही नव्हती. शारदाश्रमच्या इंग्रजी व मराठी माध्यमांच्या संघांतील अंतिम सामना पाहण्यासाठी सराव-सामना चुकवून वानखेडेवर गेलेल्या सचिनच्या श्रीमुखात सरांनी भडकाविली आणि, दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजविण्याऐवजी लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असे खेळ, असे बजाविले, ही कथा स्वतः तेंडुलकर यांनी कृतज्ञतेने सांगितली आहे. आजच्या शिक्षणशास्त्रास ती शिक्षा मान्य होणार नाही. कृतज्ञतेने सांगणारा शिष्य यशस्वी होता, ही गोष्टही अभ्यासकाने विसरता कामा नये.

क्रिकेटसाठी शाळा बदलण्याचा प्रश्न याहून व्यापक आहे. सचिनने आपली वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रममध्ये प्रवेश घेतला आणि मैदानाजवळ राहता यावे म्हणून तो पुढे काका-काकूंच्या घरी राहिला. अजित आगरकर, अमोल मुजुमदार हेही याच शाळेत आले. गुणी मुले एकाच शाळेत एकवटली म्हणजे त्या शाळेचे विजय वाढतात. परंतु इतर शाळांच्या संघांचे काय होते आणि पुढे खेळाडू न होऊ शकलेल्या मुलाच्या शिक्षणाचे काय होते, हे प्रश्न शिल्लक राहतात. आचरेकरांकडे शिकलेल्या असंख्य मुलांपैकी भारताकडून खेळलेल्यांची नावे बोटांवर मोजता येतात.

एकाच सरांचे दोन शिष्य किती भिन्न वाटांनी जाऊ शकतात, याचे उदाहरण त्या ६६४ धावांच्या भागीदारीतच आहे. कांबळी यांनी १९९३ मध्ये इंग्लंडविरुद्ध २२४ व झिंबाब्वेविरुद्ध २२७ अशी लागोपाठच्या कसोटींत द्विशतके केली. १७ कसोटींत ५४ हून अधिक सरासरी असूनही १९९५ नंतर ते कसोटी खेळले नाहीत. तेंडुलकर २०१३ पर्यंत खेळत राहिले. पद्धती तीच, मैदान तेच, सर तेच. प्रशिक्षणाने काय साधते व काय साधत नाही, याची सीमारेषा येथे स्पष्ट होते.

७

शासनाने १९८५ पासून द्रोणाचार्य पुरस्कार देण्यास प्रारंभ केला आणि प्रशिक्षकाच्या कामाला प्रथमच राष्ट्रीय पातळीवर नोंदीचे स्थान मिळाले. आचरेकरांना तो १९९० मध्ये, म्हणजे तेंडुलकर यांनी कराचीत कसोटी-पदार्पण केल्यानंतरच्या वर्षी मिळाला. २०१० मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार शासकीय इतमामाविना झाले आणि त्यावर वृत्तपत्रांतून टीका झाली. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर त्यांचे स्मारक उभे राहिले. पुरस्कार, इतमाम, स्मारक यांचा हा क्रम पाहता, पदाविना केलेल्या कार्यास कोठे बसवावे या संभ्रमातून समाज व शासन अखेरपर्यंत पूर्णपणे बाहेर आले नाहीत, असे म्हणावे लागते.

त्यांच्या कार्याची खरी नोंद मात्र अन्यत्र सापडते. १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गॉर्डन ग्रीनिजचा त्रिफळा उडविणारे बलविंदरसिंग संधू, १९९२ मध्ये डर्बनला कसोटी-पदार्पणातच शतक झळकविणारे प्रवीण आमरे, २०२३ मध्ये राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झालेले आगरकर, हे शिष्य खेळाडू म्हणून परिचित आहेत. परंतु इतिहासाच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण गोष्ट ही की, या शिष्यांपैकी काही जण पुढे स्वतः मुख्य प्रशिक्षक झाले. चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २००२-०३, २००३-०४ व २०१५-१६ मध्ये रणजी करंडक जिंकला. त्यानंतर त्यांनी विदर्भाला २०१७-१८ व २०१८-१९ मध्ये, आणि मध्य प्रदेशाला २०२१-२२ मध्ये हे अजिंक्यपद मिळवून दिले. या शेवटच्या वर्षी अंतिम सामन्यातील प्रतिस्पर्धी मुंबईच होती. शिवाजी पार्कची शिस्त नागपूर व इंदूरला पोहोचली आणि तिने मुंबईचाच पराभव केला.

अमोल मुजुमदार यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९८८ च्या त्या भागीदारीच्या वेळी पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून ते दोन दिवस बसून राहिले; त्यांची पाळी आलीच नाही. १९९३-९४ मध्ये रणजी-पदार्पणात त्यांनी हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा करूनही त्यांना भारताकडून एकदाही खेळावयास मिळाले नाही. गुरूप्रमाणेच तेही दारापर्यंत जाऊन परतले. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची नियुक्ती झाली, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून त्या संघाने प्रथमच विश्वचषक जिंकला.

पंडित व मुजुमदार यांच्यापाशी नियुक्तीपत्र आहे, वेतन आहे, आणि संघाचे विजय त्यांच्या नावाशी जोडले जातात. जे पद आचरेकरांना मिळाले नाही, ते त्यांच्या शिष्यांच्या पिढीत अस्तित्वात आले व त्या पदावर त्यांचेच शिष्य बसले. म्हणून आचरेकरांचे मूल्यमापन केवळ एका महान फलंदाजाच्या संदर्भात करणे पुरेसे नाही. महाराष्ट्रातील क्रीडाप्रशिक्षणाच्या इतिहासात मैदानावरील अलिखित अधिकार आणि आधुनिक व्यावसायिक पद यांच्यामधील दुवा म्हणून त्यांचे स्थान निश्चित करावे लागेल. असे सर कुस्तीच्या तालमींत, कबड्डीच्या मैदानांवर आणि खो-खोच्या संघांत इतरही होऊन गेले. त्यांचे शिष्य हयात आहेत तोवर त्यांच्या पद्धती टिपून ठेवणे हे क्रीडा-इतिहासाच्या अभ्यासकापुढील तातडीचे कार्य आहे.